पुणे-नाशिक रेल्वे खोडदच्या दुर्बिणीनं अडवली का?

आकाशमित्र

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेच्या प्रत्येक बातमीखाली हल्ली एक वाक्य हमखास दिसतं, "चार तबकड्यांसाठी लाखो लोकांची रेल्वे घालवली." ते वाचून राहवत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आधी पार्श्वभूमी. महारेलनं (राज्य सरकार आणि रेल्वे मंत्रालयाची संयुक्त कंपनी) आखलेला मूळ मार्ग सुमारे २३५ किलोमीटरचा होता. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करत नाशिक. ताशी २०० किलोमीटर वेगाची विजेवरची गाडी. पण जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. या गाड्यांमुळे तिच्या कामात अडथळा येईल असा आक्षेप आला आणि रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेत सांगितलं, की या मार्गानं रेल्वे नेता येणार नाही. आता अहिल्यानगर-शिर्डीवरून नाशिक गाठायचं चाललंय.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. दुर्बीण राहिलीच पाहिजे, तिच्या कामाला धक्का लागता कामा नये. तबकड्या चार नाहीत, ३० आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलादी दोऱ्या ताणून त्यावर तारेची जाळी बसवायची शक्कल काढली, म्हणून एवढ्या मोठ्या तबकड्या आपल्या खिशाला परवडल्या. मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात या तोडीच्या दुर्बिणी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. २०१६च्या ऑक्टोबरात युरोपचं स्कियापारेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा क्षीण संदेश खोडदला ऐकू येत होता. यान कोसळण्याआधी तो तुटला, तेही इथंच कळलं. जानेवारी २०२३ मध्ये जवळपास ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा रेडिओ संदेश याच तबकड्यांनी टिपल्याचं जाहीर झालं. हे सगळं जुन्नरच्या मातीत झालंय, आणि आपण तिला "अडथळा" म्हणतोय.

नारायणगावकर

आकाशमित्र, दुर्बिणीचा अभिमान आम्हाला शिकवू नका. विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं तेव्हा आख्ख्या तालुक्यातली शाळेची पोरं तिथं असतात. मीही शाळेतून गेलोय. मान वर करून तबकडी बघितली आणि ती हळूहळू फिरायला लागली तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण हिशोब मांडा. या तालुक्यानं धरणांना जमीन दिली, दुर्बिणीला दिली, त्याआधी सत्तरच्या दशकात आर्वीला उपग्रह दळणवळणाचं विक्रम केंद्र आलं तेव्हाही दिली. देशासाठी आम्ही नाही कधी म्हटलं? मोठे कारखाने आणायचे म्हटलं की दुर्बिणीजवळ रेडिओ गोंगाट नको ही अट आडवी येते. म्हणून आमची पोरं चाकणला कामाला जातात. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो देशभर जातो आणि सगळा रस्त्यानंच जातो. पहिल्यांदा रेल्वे येणार होती, मोजण्या झाल्या, लोकांनी घरांचे बेत केले. आता म्हणता तबकड्यांना त्रास होतो. त्याग करायचा तो एकाच तालुक्यानं का?

चाकणची_वारी

+१ नारायणगावकर. चाकणच्या चौकात संध्याकाळी अडकलेल्या माणसाला ८.८ अब्ज वर्षं म्हणजे किती ते बरोब्बर कळतं.

रेडिओवेडा

तांत्रिक बाजू कुणीच मांडत नाही, म्हणून लिहितो.

तबकडीवर येणारी ऊर्जा इतकी क्षीण असते, की तिचं एकक जान्स्की म्हणजे दशांश चिन्हानंतर २५ शून्यं आणि मग १. तेवढे वॉट, दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला. चंद्रावर साधा मोबाइल चालू ठेवला, तर तो आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांमध्ये गणला जाईल. आता विचार करा, काही किलोमीटरवर २५ हजार व्होल्टची तार आहे आणि तिला घासत गाडीचा पँटोग्राफ, म्हणजे टपावरचा वीज घेणारा सांगाडा, चाललाय. संपर्क क्षणभर सुटला की ठिणगी पडते. ठिणगीला ठरलेली कंप्रता (फ्रिक्वेन्सी) नसते, ती सगळ्या पट्ट्यांवर एकदम ओरडते. आणि जीएमआरटी साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्येच ऐकते.

"हायवेवर मोबाइल टॉवर चालतात मग रेल्वे का नाही" असं विचारणाऱ्यांसाठी: टॉवरची कंप्रता ठरलेली असते. तेवढा पट्टा गाळून टाकता येतो, नुकसान होतं पण मर्यादेत. ठिणगीचं तसं नाही. आजही विजेच्या तारांवरच्या ठिणग्या ही या दुर्बिणीची मोठी डोकेदुखी आहे आणि ती कमी करायला तिथं खास गाळणी बसवलीय. त्यात रेल्वेची भर घालायची का, असा प्रश्न आहे.

लोहमार्ग

रेल्वेच्या विद्युत विभागात आयुष्य काढलंय, म्हणून दोन शब्द. रेडिओवेडा यांचं ठिणगीबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. पँटोग्राफची ठिणगी कमी करता येते. तारेचा ताण, पँटोग्राफच्या पट्टीची देखभाल, वेग, सगळ्याचा परिणाम होतो. शिवाय गाडी बोगद्यातून नेली तर डोंगरच आडोसा होतो. खोडदची जागा निवडतानाही आजूबाजूच्या डोंगरांचा आडोसा बघितलाच होता ना? मग तीच युक्ती रेल्वेला का नाही? खर्च वाढेल, पण आधी त्याचा आकडा तरी समोर ठेवा.

तेवढ्या टप्प्यात बॅटरीवर गाडी चालवायचा पर्यायही आहे. तार नाही, पँटोग्राफ खाली.

रेडिओवेडा

@लोहमार्ग, बॅटरीवरही मोटर चालवायला इन्व्हर्टर लागतो आणि त्याच्या स्विचिंगचा, म्हणजे वीज झपाट्यानं चालू-बंद होण्याचा, गोंगाट असतोच. पण ठिणगीपेक्षा तो आवरणात कोंडणं सोपं, हे मान्य. बोगद्याचा मुद्दा मला खरंच पटतो. अडचण आहे ती लांबीची. लोकांना वाटतं दुर्बीण म्हणजे खोडदची एक जागा. १४ तबकड्या तिथं साधारण एका चौरस किलोमीटरात आहेत, हे खरं. पण उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांबवर पसरल्यात. दोन टोकांमधलं अंतर २५ किलोमीटरच्या घरात जातं. त्यामुळे "खोडदपासून जरा लांबून न्या" म्हणताना कुठल्या तबकडीपासून लांब, ते आधी सांगावं लागतं.

संगमनेरी

सगळे जुन्नरवरच बोलताय. संगमनेर आणि सिन्नर कुठं गेले? शिर्डीवरून जाणारी गाडी ही पुणे-शिर्डी रेल्वे आहे, तिला पुणे-नाशिक म्हणणं ही आमची फसवणूक आहे. आजही पुण्याहून नाशिकला रेल्वेनं जायचं तर कल्याणवरून नाहीतर दौंड-मनमाडवरून वळसा. आता तिसरा वळसा मिळणार.

आणि दुर्बीणप्रेमींनो, चीनला आदर्श मानू नका. तिथं फास्ट ही ५०० मीटरची दुर्बीण बांधताना सुमारे नऊ हजार लोकांना उठवलं. आपण लोकशाहीत राहतो.

परदेशी_पाखरू

संगमनेरी, चीन सोडा, अमेरिकेतलं सांगते. वेस्ट व्हर्जिनियात ग्रीन बँक नावाच्या गावी मोठी रेडिओ दुर्बीण आहे, तिथं आम्ही गेलो होतो. तिथं १९५८ पासून राष्ट्रीय रेडिओ शांतता क्षेत्र आहे, सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचं. दुर्बिणीजवळ फक्त डिझेलची गाडी नेता येते, कारण पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगची ठिणगीसुद्धा त्यांना चालत नाही. आम्हाला डिझेलच्या बसमधूनच आत नेलं. दक्षिण आफ्रिकेनं तर २००७ साली अशा जागांच्या रक्षणासाठी वेगळा कायदाच केला. दुर्बीण जपणं म्हणजे लोकांच्या विरोधात जाणं, असं तिथं कुणी मानत नाही.

नारायणगावकर

@परदेशी_पाखरू ताई, ३४ हजार चौरस किलोमीटर म्हणजे पुणे आणि अहिल्यानगर हे दोन्ही जिल्हे त्यात बसतील. तिथली वस्ती विरळ. इथं प्रत्येक फाट्यावर गाव आहे. आणि तिथल्या लोकांना बदल्यात काय मिळालं तेही सांगा, म्हणजे आम्ही तसं मागू.

उपग्रहवाला

मला एक कळत नाही. जमिनीवरची रेल्वे अडवून उपयोग काय, जेव्हा डोक्यावरून हजारो उपग्रह चाललेत? स्टारलिंकचेच आठ हजारांवर आहेत. नेदरलँड्सच्या लोफार दुर्बिणीनं २०२३ मध्ये दाखवलं की हे उपग्रह ठरलेल्या कंप्रतेबाहेरही गळती करतात. २०२४ मध्ये नव्या पिढीच्या उपग्रहांची गळती आधीच्यांपेक्षा ३२ पटींपर्यंत जास्त निघाली. आणि आपलंच राज्य सरकार नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी इरादापत्र करून गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिवला इंटरनेट देतंय. तिथल्या शाळेला इंटरनेट मिळावं की नाही? मिळावंच. मग नारायणगावला रेल्वे का नको? शांतता आता चंद्राच्या पलीकडच्या बाजूलाच मिळेल, दुर्बिणी तिकडे न्या.

आकाशमित्र

@उपग्रहवाला, उपग्रहांबद्दल तुमच्याइतकाच मीही अस्वस्थ आहे. पण वरून पाऊस गळतोय म्हणून खालून नळ सोडून देत नाहीत. उपग्रह डोक्यावरून काही मिनिटांत सरकतो, तो कधी कुठं असेल ते आधी कळतं, तेवढा भाग टाकून देता येतो. रेल्वे तिथंच राहणार, पुढची शंभर वर्षं. चंद्राच्या पाठीमागं ३० तबकड्या उभारायचं कुणाच्या आवाक्यात असेल तेव्हा असो. आज भारत एसकेए या जागतिक रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात १,२५० कोटी रुपये घालून उतरलाय. त्या मंडळींच्या पंगतीत आपल्याला मानानं बसता आलं, त्यामागं खोडदला घडलेली माणसं आहेत. ती शाळाच बहिरी करायची का?

@नारायणगावकर, तुमचा प्रश्न मला टाळायचा नाही. त्याग एकाच तालुक्यानं का, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, की त्यागाची भरपाई ठरली पाहिजे आणि ती लेखी ठरली पाहिजे. दुर्बीण देशाची असेल तर तिचा भारही देशानं उचलावा. बोगदा लागणार असेल तर त्याचे पैसे रेल्वेच्या नफा-तोट्यात धरू नयेत, विज्ञानाच्या खर्चात धरावेत. हे कुणी मोठ्यानं म्हणत नाही याचा मला राग आहे.

संगमनेरी

चला, निदान दुर्बीणवाल्यांच्या तोंडून बोगद्याचे पैसे तरी ऐकले. पण ही भाषा मंत्रालयात कोण बोलणार? तिथं तर "नेता येणार नाही" म्हणून फाईल बंद केली. आराखडा आखताना दुर्बिणीच्या लोकांशी केव्हा बोलणं झालं, काय बोलणं झालं, त्यांनी किती अंतर मागितलं, सगळं लोकांसमोर यायला हवं. दुर्बीण नव्वदच्या दशकापासून तिथंच आहे, रात्रीत उगवलेली नाही.

चाकणची_वारी

संगमनेरी, इथं मात्र शंभर टक्के सहमत. आम्हाला तबकड्यांशी वैर नाही. आखणी करणाऱ्यांना जाब विचारा.

लोहमार्ग

माझा जुना मुद्दा पुन्हा मांडतो. गोंगाट "होईल" आणि गोंगाट "इतका होईल" यात फरक आहे. मला डेसिबलमध्ये आकडा हवा. आकडा आल्यावर ठरवता येईल, की आडोसा पुरेल, बोगदा लागेल की मार्गच बदलावा लागेल. अभियंता आकड्याशिवाय नाही म्हणत नाही आणि हो म्हणत नाही.

नारायणगावकर

@रेडिओवेडा, तुम्हीच सांगा. रेल्वे बांधायच्या आधी तिचा गोंगाट मोजणार कसा? की बांधल्यावर कळणार?

रेडिओवेडा

बांधायची गरज नाही. आज विजेवर चालणाऱ्या कुठल्याही मार्गाशेजारी, समजा पुणे-दौंड, ठरावीक अंतरावर प्रमाणित अँटेना उभा करायचा. जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा गोंगाट १२० ते १४५० मेगाहर्ट्झमध्ये नोंदवायचा. पावसात, उन्हात, वेगवेगळ्या इंजिनांचा. अंतरानं आणि मधल्या डोंगरानं तो किती घटेल याची गणितं तयार आहेत. मग प्रत्येक तबकडीपाशी किती पोचेल ते काढायचं आणि रेडिओ खगोलशास्त्रासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं घालून दिलेल्या मर्यादेशी ताडून बघायचं. २०० च्या वेगाला ठिणगी किती वाढेल, तेवढंच अंदाजानं धरावं लागेल.

नारायणगावकर

मग पुणे-दौंडवर गाड्या रोज धावतायत. मोजणी झाली असेल तर अहवाल काढा, नसेल झाली तर करा. पण इंग्रजीत संकेतस्थळावर टाकून मोकळे होऊ नका. खोडद, नारायणगाव, मंचर, बोटा, संगमनेर, सगळीकडे मराठीत वाचून दाखवा, मोजणारा माणूस समोर उभा करून. आमच्या शंका त्यालाच विचारू. आणि तोवर जुन्या मार्गाच्या जमिनीचे व्यवहार अडकून पडलेत त्यांचं काय करायचं, तेही त्याच सभेत सांगा.