दाट झाडीत चालवायच्या स्लेडला टर्बो कोणता घ्यावा?

बर्फाळ_भटक्या (सॉल्ट लेक सिटी)

मंडळी, प्रश्न जरा आडवाटेचा आहे. माझ्याकडे २०१९ची समिट ८५० स्लेड, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबाइल आहे, बिनटर्बोची, १५४ इंची ट्रॅकची. हिवाळ्यात मिरर लेक हायवे बंद झाला की सोपस्टोनला ट्रेलर लावायचा आणि उइंटाच्या डोंगरात शिरायचं, हा आमचा शनिवार. उघड्या उतारांवर मी जात नाही. हिमस्खलनाची भीती आहेच, शिवाय घरी तसा शब्द दिलाय. माझी सगळी मजा झाडीत. स्प्रूस, फर, मध्येच अ‍ॅस्पेन, आणि दोन खोडांमधून हँडलबार जेमतेम निघेल एवढीच फट.

नऊ-साडेनऊ हजार फुटांवर मांडीएवढा ताजा बर्फ असला की चढावर गाडीचा दम संपतो. दुकानदाराने दोन किट दाखवली. एक लहान टर्बोचं (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), पाच-सहा पीएसआय बूस्टचं, म्हणजे तेवढ्या जादा दाबाचं, पंपावरच्या पेट्रोलवर चालणारं. दुसरं मोठ्या टर्बोचं, बारा पीएसआयपर्यंत जाणारं, त्याला रेसचं इंधन लागतं. किमतीत फार फरक नाही. मोठं घेतलं आणि बूस्ट कमी ठेवला तर? पुढेमागे हवा तेव्हा वाढवता येईल.

सातारी_पाना (आयडाहो फॉल्स)

तीच चूक मी करून बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

जुन्या टर्बो डिझेल गाड्या घाटात चालवल्यात का? साताऱ्यात गॅरेजला होतो तेव्हा ट्रायलला रोज हातात यायच्या. वळणावर पाय दाबला तरी गाडी मख्ख, आणि मग एकदम कुणी मागून ढकलून दिल्यासारखी सुटायची. तिथे चालून जायचं, कारण पुढे रस्ता होता. तुमच्या पुढे फरचं खोड आहे.

बूस्ट कमी ठेवला म्हणजे काय केलं? वेस्टगेट, म्हणजे टर्बाइनला वगळून एक्झॉस्ट सोडून देणारी झडप, लवकर उघडायला लावलं. त्याने वरची हद्द खाली आली. पण मोठं टर्बाइन फिरतं करायला जेवढा एक्झॉस्ट लागतो, तेवढा लागणारच. म्हणजे ताकद लहान टर्बोची आणि आळस मोठ्या टर्बोचा. त्यात टू-स्ट्रोकमध्ये टर्बो बसतो एक्झॉस्ट पाइपच्या पुढे. झाडीत थ्रॉटलवरचा अंगठा सारखा दाब-सोड, दाब-सोड करतो, पाइप कधी नीट तापतच नाही, आणि गार पाइपवर टर्बो आणखी सुस्त.

आता किती बूस्ट लागतो ते बघा. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, दहा हजार फुटांवर साधारण १०.१. तुमची गाडी कागदावर १६५ हॉर्सपॉवरची, तिथे तिच्यात ११५च्या आसपास उरतात. गेलेलं परत मिळवायला साडेचार-पाच पीएसआय पुरे. त्यापुढचं सगळं उघड्या डोंगरावर सरळ वर उधळायला. तिथे तर तुम्ही जातच नाही.

माझी गोष्ट सांगतो. आधीच्या ८००च्या स्लेडला मोठा टर्बो लावला होता. डोंगर उजव्या हाताला, गाडी उजवीकडे कलंडवून आडवी नेतोय, डावी स्की हवेत, डावा पाय उजव्या बाजूच्या पाय ठेवायच्या फळीवर. अंगठा थोडा दाबला, काही नाही. नाक दरीकडे वळायला लागलं म्हणून आणखी दाबला. तेवढ्यात आधी मागितलेली ताकद आणि आत्ता मागितलेली, दोन्ही एकदम आल्या. गाडी वरच्या अंगाला उसळली आणि एका जाडजूड खोडाला भिडली. ए-आर्म (स्कीला धरणारा दांडा) वाकला, स्की फाटली. गाडीचं सोडा, मी पडलो तो त्या झाडाच्या बुंध्याशी. खालच्या फांद्यांमुळे तिथे बर्फ भुसभुशीत असतो, कमरेपर्यंत आत गेलो. मित्र मागेच होता, त्याने हात धरून ओढलं. उलटा डोकं खाली गेलो असतो तर आज हे लिहायला नसतो.

तेव्हा लहान घ्या. बजेट ताणता येत असेल तर एरोचार्जरसारखा हलत्या पात्यांचा टर्बो बघा. प्रवाह कमी असला की पाती मिटतात आणि टर्बाइन लवकर फिरतं. आपल्याकडच्या व्हीजीटी डिझेलमध्ये हीच युक्ती असते. त्याचं वंगण त्याच्याच पोटात असतं, इंजिनातून तेलाची नळी ओढायला लागत नाही.

आणि हो, क्लच. याबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. ताकद वाढली की प्रायमरी क्लचमध्ये (इंजिनाकडच्या, बेल्ट फिरवणाऱ्या पुलीत) वजन वाढवायलाच लागतं, नाहीतर इंजिन ८,००० आरपीएमच्या वर पळतं आणि बेल्ट जळतो. मी तर म्हणेन, आधी स्क्रीनवर आरपीएम बघा. पूर्ण थ्रॉटलला ७,८००–७,९०० येत नसेल तर तुमचा अर्धा दम क्लचमध्येच अडकलाय, आणि त्या दुरुस्तीला टर्बोच्या पैशांचा छोटासा भाग लागतो.

फ्रिस्बीवाला (कॅलगरी)

सातारी दादांशी सहमत. फक्त उंचीचं एक जोडतो. मी रेव्हेलस्टोकला जातो, फ्रिस्बी रिज आणि बोल्डर माउंटन. गाव समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरही वर नाही आणि आमची झाडी सहा हजार फुटांच्या आत. तिथे बिनटर्बोची ८५० मला पुरते. तुमच्या उंचीवर मीही लहान टर्बो घेतला असता.

झाडीतली आणखी एक कटकट. पुढच्याने उडवलेला बर्फाचा भुगा हवा घेणाऱ्या जाळीवर बसतो. बिनटर्बोची गाडी गुदमरते ते लगेच कळतं. टर्बो मात्र तेवढाच बूस्ट द्यायला आणखी जोरात फिरतो, आतली हवा तापते, आणि तुम्हाला पत्ताच नसतो. दर थांब्याला जाळी हाताने झटकायची. आणि किटमध्ये ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह आहे ना, ते विचारा. अंगठा सुटला की दाबलेली हवा बाहेर जायला वाट हवी, नाहीतर ती उलटी टर्बोवर आदळते.

कोथरूडकर

आम्ही मनालीत स्नो स्कूटरवर दोन मिनिटं बसून पाचशे रुपये दिले आणि वर्षभर फोटो दाखवले. तुमचं वाचून लाज वाटली.

बर्फाळ_भटक्या

कोथरूडकर 😄

दादा, काल आरपीएम बघितलं. पूर्ण थ्रॉटलला ७,५५०. क्लच गेल्या मालकाने कमी उंचीसाठी लावलेला दिसतोय. म्हणजे वजन कमी करावं लागेल ना? आणि पेट्रोल कोणतं? इथे पंपावर साधं ८५ ऑक्टेनचं आणि प्रीमियम ९१चं मिळतं.

सातारी_पाना

हो, आत्ता कमी करायचं, टर्बो बसला की पुन्हा वाढवायचं. क्लचमधून काढलेल्या वजनाच्या पिना डबीत नाव लिहून ठेवा, माझ्या दोनदा हरवल्यात.

पाच-सहा पीएसआयला ९१ चालेल, पण फक्त ९१. ८५ चुकूनही नको. कॅन वेगळा ठेवा, लाल टेप लावून. माझ्या मेव्हण्याने घाईत ८५ ओतलं होतं, पिस्टनच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या. विमानाचं १००एलएल मिसळा असं कुणी सुचवेल. त्यात शिसं असतं, ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. किटला तो सेन्सर असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

क्लच लावून एक शनिवार मारा. त्यानंतरही दम कमी वाटला तरच लहान किट. आणि आरपीएम इथे टाका, आकडा बघून पिना किती ते सांगतो.