मदत हवी आहे : काँटेसाला इंजिन माउंटिंग रबरचे की पॉलियुरेथेनचे (रबरासारखंच, पण जास्त कडक प्लास्टिक)?

मंडळी, गाडी काँटेसा १.८, इसुझूचं पेट्रोल इंजिन. पहिल्या गिअरमध्ये जरा जोरात क्लच सोडला की इंजिन एका बाजूला उचललं जातं आणि फॅन श्राउडला (रेडिएटरमागे फॅनभोवती असलेल्या कव्हरला) घासतो. श्राउडच्या कडेला पांढरा ओरखडा उठलाय. खालून पाहिलं तर डावीकडच्या माउंटिंगचं (इंजिन ज्यावर टेकतं त्या आधाराचं) रबर लोखंडी पट्टीपासून सुटलंय, बोट आत जाईल एवढी फट आहे.

आयडलिंग, प्लग, टायमिंग तपासून झालंय. गिअरबॉक्सचं माउंटिंग नवीन आहे. पुण्यात नाना पेठेतून आणलेली साधी रबरं काही महिन्यांतच दबली, म्हणून तोच खर्च पुन्हा करायचा नाही.

गाडी रोज कोथरूड ते हडपसर चालते आणि मागे आई बसते. त्यामुळे सॉलिड लोखंडी माउंटिंग नको, सिग्नलला उभं असताना सगळी थरथर केबिनमध्ये येते. चॅसिसवर वेल्डिंगही नको. जुन्या पट्ट्या शाबूत आहेत, त्यांवर नवीन रबर व्हल्कनाइझ करून (उष्णतेने पक्कं चिकटवून) मिळालं तर उत्तम.

पॉलियुरेथेन घातलेल्यांनी सांगा : शोर ए (कडकपणा मोजायचं माप) किती ठेवला, आणि गिअरबॉक्सला मूळ रबरच ठेवून फक्त इंजिनची दोन्ही माउंटिंग कडक केली तर गिअरबॉक्सच्या रबरावर ताण येतो का?