प्रोपेनची टाकी: विकत घ्यावी की कंपनीचीच ठेवावी? (न्यू हॅम्पशर)

चुलीपुढची

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात नवीन घरात जातोय. नॅशुआपासून वीसेक मिनिटं, दोन एकर जागा, मागे रान, आणि रस्त्यावर गॅसची लाइन नाही. बॉस्टनजवळ भाड्याच्या घरात दहा वर्षं काढली, तिथे गॅस आपला नळाच्या पाण्यासारखा यायचा. त्यामुळे टाकी या प्रकाराशी कधी गाठच पडली नाही.

फर्नेस (घर गरम करणारी भट्टी), गरम पाण्याचा हीटर, शेगडी, कपड्यांचा ड्रायर, सगळं प्रोपेनवर आहे. पुढेमागे जनरेटरही घ्यायचाय, कारण बर्फाच्या वादळात तिकडे दोन-दोन दिवस वीज जाते म्हणे. बिल्डर ५०० गॅलनची टाकी पुरायला खड्डा खणून देतोय. प्रश्न आहे टाकी कुणाची.

एक मोठी कंपनी म्हणते, टाकी आमची, पुरून आम्ही देतो, भाडं शून्य. मात्र वर्षाला किमान ५०० गॅलन आमच्याकडूनच घ्यायचं. दर गॅलनला ३.६९ डॉलर. गावातला एक छोटा विक्रेता म्हणतो, टाकी तुमची असेल तर २.९९ ने भरतो. टाकी, पुरणं, जोडणी मिळून ३,२०० डॉलर. बिल्डरच्या अंदाजाने वर्षाला ९०० गॅलन लागतील.

नवरा म्हणतो, फुकट देतायत तर घे की. पण फुकट म्हटलं की माझा हात सही करायला धजत नाही. अनुभव सांगा.

मक्याचं_कणीस

मिनेसोटात अठरा वर्षं, सगळी प्रोपेनवर. टाकी विकत घ्या. पण माझी फजिती ऐका, मग घ्या.

माझी टाकी स्वतःची. दर उन्हाळ्यात चार फोन फिरवायचे, जो स्वस्त त्याच्याकडून भरायची. स्वतःला फार हुशार समजायचो. २०१३ च्या शरदात इकडे मका उशिरा निघाला आणि ओला निघाला. तो वाळवायला मिडवेस्टभर प्रोपेन जाळलं. त्यातच कॅनडातून गॅस आणणारी कोचिन पाइपलाइन दुरुस्तीसाठी बंद (नावावर जाऊ नका, आपल्या कोचीनशी काही संबंध नाही), आणि २०१४ च्या जानेवारीत थंडीने कहर केला. अख्ख्या अमेरिकेची घरगुती दराची सरासरी गॅलनला ४ डॉलरवर गेली.

माझ्या टाकीचा काटा १५ टक्क्यांवर आला. पाच ठिकाणी फोन केले. पाचही जणांचं एकच उत्तर: आधी आमची नेहमीची गिऱ्हाइकं. मी कुणाचाच नेहमीचा नव्हतो ना! शेवटी एकाने शंभर गॅलन टाकलं, तेही अशा भावाने की बायकोला आजतागायत आकडा सांगितलेला नाही.

तेव्हापासून टाकी माझी, पण विक्रेता एकच. दोन-तीन वर्षांनी बाजार बघतो, फार फरक दिसला तरच बदलतो. सोडून जाता येतं हे त्यालाही ठाऊक असतं, तेवढ्यावर भाव ताळ्यावर राहतो.

सदाशिवपेठी_शंका

बाळबोध प्रश्न विचारतो. इकडच्यासारखे सिलिंडर का नाही घेत? दोन ठेवायचे, एक संपला की दुसरा लावायचा.

नळजोड

@सदाशिवपेठी_शंका, ५०० गॅलनची टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे ४०० गॅलन. गॅलनला ४.२ पौंड धरा, झाले साधारण ७६० किलो. आपल्या १४.२ किलोच्या हिशेबात ५३ सिलिंडर. एवढे जिन्यावरून चढवायला माणूस बघा आधी. 🙂

पण तुमच्या प्रश्नात एक गंमत आहे. भारतात आपण सिलिंडर विकत घेतच नाही. डिपॉझिट भरतो, सिलिंडर कंपनीचाच राहतो. म्हणजे आपण सगळे जन्मापासून भाड्याच्या टाकीवरच जेवतोय. तिकडे ते खटकत नाही, कारण दर सरकारी कंपन्या ठरवतात आणि सगळीकडे जवळपास सारखाच असतो. अमेरिकेत दर ज्याचा त्याचा. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांत गॅलनमागे डॉलरभर फरक मी स्वतः पाहिलाय.

@चुलीपुढची, मी याच धंद्यात आहे (हीटिंगची कामं, पेनसिल्व्हेनिया), त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट. टाकी ज्याची, त्याने किंवा त्याच्या परवानगीनेच ती भरायची, असा एनएफपीए ५८ या अमेरिकेतल्या गॅस-सुरक्षेच्या संहितेचाच दंडक आहे. कंपनीच्या टाकीत दुसरा कोणी गॅस घालणार नाही, तुम्ही कितीही गयावया केलीत तरी. भाडं शून्य असण्याचं कारण तेच. भाडं दरात लपलेलं असतं. तुमच्याच आकड्यांवर ७० सेंट गुणिले ९०० गॅलन, म्हणजे वर्षाला ६३० डॉलर. पाच वर्षांत टाकीचे पैसे तुम्ही दोन्ही बाजूंनी दिलेले असतील, फरक इतकाच की एका बाजूला टाकी तुमच्या नावावर असेल.

दुसरी, पुरलेल्या टाकीची. जमिनीवरची टाकी न पटल्यास कंपनी ट्रक आणून उचलून नेते. पुरलेली कशी नेणार? अंगण खणावं लागतं, आणि करारात बहुधा तो खर्च तुमच्या गळ्यात असतो. म्हणून कंपनीचीच घ्यायची झाली तर ‘पुढे टाकी विकत घ्यायची असल्यास किंमत काय’ हे आजच लिहून घ्या. तोंडी नको.

तिसरी, मालक झालात की कामंही तुमची. लोखंडी टाकी जमिनीत गंजू नये म्हणून सोबत मॅग्नेशियमचा अॅनोड पुरतात, तो स्वतः झिजतो आणि टाकीला वाचवतो. व्होल्टमीटरने तपासणी होते, टाकी आणि मातीत किमान ०.८५ व्होल्टचा फरक दिसला पाहिजे. बसवल्यावर एकदा, मग साधारण वर्षा-दीड वर्षाने, आणि पुढे दर तीन वर्षांच्या आत. भाड्याच्या टाकीत हे कंपनी बघते, तुमच्या टाकीत कोणी आठवणसुद्धा करणार नाही. रेग्युलेटरलाही वय असतं, वीस-पंचवीस वर्षांनी बदलायचा. घरापासून किमान दहा फुटांवर पुरतोय ना, तेही बिल्डरला विचारा.

जनरेटर घेणार असाल तर टाकी ५०० च्या खाली आणूच नका. कोणी १२० गॅलनच्या दोन उभ्या टाक्या भिंतीला टेकवून देतो म्हणाला तर नाही म्हणा. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सियसला उकळतं, म्हणून न्यू हॅम्पशरच्या थंडीतही त्याची वाफ होत राहते. पण टाकी लहान, पातळी खाली आणि बाहेर उणे २५ असेल तर वाफ पुरेशी बनत नाही. फर्नेस आणि जनरेटर एकदम ओढायला लागले की दाब पडतो. पुरलेल्या टाकीभोवतीची माती तितकी गार होत नाही, तो त्रास बराच वाचतो.

डोंगरमाथा

उलट बाजू कोणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते.

पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात आमचं सुट्टीचं छोटं घर आहे. हीटिंग विजेवर, प्रोपेन फक्त शेगडीला आणि फायरप्लेसला. वर्षाला ७०-८० गॅलन. अशा घराला टाकी विकत घेणं म्हणजे महिन्यातून एकदा गाडी चालवणाऱ्याने पेट्रोलपंप विकत घेणं. बरं, छोट्या गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या टाकीकडे यायला विक्रेतेही फारसे राजी नसतात. भाड्याची ठेवलीये आणि सुखात आहोत.

फक्त एक दणका खाल्ला. २०२० मध्ये आम्ही फारसे गेलोच नाही, गॅस जळला नाही, आणि डिसेंबरात ‘किमान वापर शुल्क’ म्हणून बिल आलं. करारात होतं, आम्ही वाचलं नव्हतं. आमचीच चूक. तेव्हा तुमच्या त्या ‘किमान ५००’ च्या ओळीखाली बारीक अक्षरात काय आहे ते भिंग लावून बघा.

चुलीपुढची

सगळ्यांना धन्यवाद! काल रात्री चहा करून बसले आणि करार वाचला, चौदा पानं.

३.६९ हा दर फक्त ३१ मार्चपर्यंत. पुढे ‘कंपनीचा त्या दिवशीचा दर’. ५०० गॅलनपेक्षा कमी घेतलं तर उरलेल्या गॅलनवर दंड. करार मोडला तर टाकी काढायचा ‘वाजवी खर्च’ आमचा, आणि आत उरलेला गॅस उपसून नेण्याचे वेगळे पैसे. म्हणजे आमचाच गॅस परत नेणार आणि वर आम्हालाच बिल! वाजवी म्हणजे किती, असं फोनवर विचारलं तर ती मुलगी म्हणाली, खोदाईवर अवलंबून.

आता नवराही विकत घ्यायच्या बाजूने झालाय. पण त्याला क्रेगलिस्टवर (जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट) ५०० गॅलनची वापरलेली टाकी ६०० डॉलरला दिसलीये आणि तो शनिवारी बघायला निघालाय. थांबवू का?

नळजोड

आधी फोटो मागवा. टाकीवर धातूची पाटी असते: एएसएमई (दाबाच्या टाक्यांच्या मानकाचा शिक्का), अनुक्रमांक, निर्मितीचं वर्ष, क्षमता. ती पाटी नसेल, गंजून वाचता येत नसेल किंवा कोणी रंग फासून बुजवली असेल, तर टाकी फुकटसुद्धा घेऊ नका. अशी टाकी कुठलाही विक्रेता भरणार नाही. पितळी व्हॉल्व्हवर निळसर-हिरवी झाक दिसली तर टाकीत कधीकाळी अमोनिया होता असं समजा आणि गाडी मागे वळवा. आणि मुख्य म्हणजे जमिनीवरची टाकी पुरता येत नाही. पुरायच्या टाकीला वेगळं लेपन आणि वर उंच मान लागते. ६०० ची बहुतेक जमिनीवरचीच असणार.

मक्याचं_कणीस

+१. शिवाय ती टाकी खरंच विकणाऱ्याची आहे ना, की कुठल्या कंपनीची उचलून आणलीये? मूळ पावती मागा. इकडे असे नमुने भेटलेत.

कॅल्व्हिनची_आत्या

अवांतर होतंय, पण हीट पंपाचा (विजेवर बाहेरच्या हवेतली उष्णता घरात ओढणारं यंत्र) विचार झालाय का? एका गॅलनमध्ये ९१,५०० बीटीयू (उष्णतेचं इकडचं माप), म्हणजे जवळजवळ २७ युनिट वीज. २.९९ चा गॅस चांगल्या फर्नेसमध्ये जाळला तर एका युनिटइतकी उष्णता साधारण १२ सेंटला पडते. हीट पंप एका युनिट विजेत अडीच युनिट उष्णता देतो असं धरलं, तर वीज ३० सेंटच्या आत असली की तो बरोबरीत किंवा स्वस्त. निदान शरदात आणि वसंतात तो चालवा, कडाक्याच्या थंडीत फर्नेस. मग ९०० चे ५०० गॅलन होतील आणि टाकीचं गणितही बदलेल.

चुलीपुढची

@कॅल्व्हिनची_आत्या, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. यंदा नाही जमणार, पण म्हणूनच ‘किमान ५००’ च्या करारात आणखीच अडकायचं नाही हे पक्कं झालं. उद्या वापर कमी केला तर दंड कोण भरणार?

डोंगरमाथा

छोट्या विक्रेत्याचा २.९९ हा पहिल्या भरणाचा गोड भाव तर नाही ना? नवीन गिऱ्हाइकाला पहिल्या वर्षी गूळ, मग खडीसाखरेच्या नावाने खडे, असंही असतं. त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांना विचारा मागच्या फेब्रुवारीत काय भरलं ते. आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये फोन करायची सवय लावा, दर ठरवून घ्यायचा तो तेव्हा. डिसेंबरात बोलणी करणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी शिवायला टाकणं.

चुलीपुढची

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

क्रेगलिस्टच्या टाकीची पाटी वाचता येत नव्हती. नवऱ्याने तिथूनच फोटो पाठवला, मी त्याला परत बोलावलं. नवीन टाकी घेतली, ३,२०० ऐवजी ३,३५० झाले कारण खड्ड्यात मोठा धोंडा निघाला (न्यू हॅम्पशरला ग्रॅनाइट स्टेट उगाच म्हणत नाहीत). शेजारच्या दोन घरांना विचारलं, मागच्या फेब्रुवारीत त्यांनी ३.२५ च्या आसपास भरलं होतं. म्हणजे २.९९ थोडा गोड होता, पण ३.६९ हून बराच बरा. छोट्या विक्रेत्याकडे ऑटो डिलिव्हरी (न सांगता तोच येऊन भरणार) लावली, मक्याच्या_कणसाची जानेवारी आठवून. मार्चपर्यंत कमाल दर बांधून घेतला. अॅनोडच्या तपासणीच्या तारखा फ्रिजवर चिकटवल्यात.

काल पहिल्यांदा ट्रक आला. ड्रायव्हर पावती देऊन गेला, नवऱ्याने झाकण उघडून काटा बघितला आणि तडक विक्रेत्याला फोन लावायला निघाला, ‘पैसे पूर्ण घेतले आणि टाकी ८० टक्केच भरली’ म्हणून. नळजोड, तुमचा प्रतिसाद दाखवला तेव्हा फोन ठेवला.