मदत हवी आहे: आईच्या कबरीसाठी जागा कशी निवडावी?

सर्वांना नमस्कार. माझी आई ८२ वर्षांची असून आपल्या दफनाची जागा हयातीतच ठरावी, अशी तिची इच्छा आहे. काल आम्ही दोघांनी दफनभूमी पाहिली. एका नव्या कबरीवरची माती मधोमध खचून तिथे पाणी साचले होते. आई बराच वेळ तिकडेच पाहत उभी राहिली. माती पूर्ण बसायला काही महिने लागतात, म्हणून स्मृतिशिला उशिरा बसवतात, हे तिथे समजले.

साधी कबर, काँक्रीटच्या भिंतींची बांधीव कबर, किंवा एकावर एक दोन शवपेट्या मावतील अशी खोल कबर, असे पर्याय आमच्यापुढे आहेत. खोल कबरीत पहिले दफन तळाशी करावे लागत असल्याने तो निर्णय आताच घ्यायला हवा. पुढे माझीही जागा आईजवळच असावी, असे मला मनापासून वाटते.

ज्यांनी असा निर्णय घेतला आहे, त्यांनी कृपया सांगावे की, जागेची मालकी मिळते की केवळ ठरावीक मुदतीपुरता दफनाचा हक्क, मुदत संपल्यावर कबरीचे काय होते आणि देखभालीचा खर्च किमतीतच धरलेला आहे का, हे करारात कसे लिहून घ्यावे? आईला झाडाखालची जागा हवी आहे; मुळांमुळे पुढे शिळा कलंडण्याचा अनुभव कोणाला आला आहे का?