गोल्फमध्ये डाउनस्विंगला, म्हणजे फटक्यासाठी क्लब (काठी) खाली आणताना, तो बाहेरून येतो. सराव कसा करावा?

प्रश्न: मी उजव्या हाताने खेळतो. खाली येताना उजवा खांदा आधी पुढे सरकतो, क्लब बाहेरून आत येतो आणि ड्रायव्हरने (लांब फटक्याच्या क्लबने) मारलेला चेंडू उजवीकडे वळत जातो. यावर कोणता सराव करावा?

पहिले उत्तर: आयर्न प्रकारच्या क्लबने मारल्यावर निघालेल्या गवताच्या खुणेची दिशा लक्ष्याच्या डावीकडे असेल, तर तुमचे निदान बरोबर आहे. चेंडूच्या पलीकडे, किंचित मागे, क्लबचे रिकामे कव्हर ठेवा आणि त्याला धक्का न लावता 7-आयर्नने निम्म्या वेगात मारा.

दुसरे उत्तर: कव्हर चूक दाखवते, परंतु माझा दोष सुटला तो हालचालींचा क्रम बदलल्यावर. पाठ क्षणभर लक्ष्याकडेच ठेवून वजन डाव्या पायावर न्यावे, उजवे कोपर बरगडीजवळ उतरू द्यावे आणि ही हालचाल 2 वेळा कंबरेपर्यंत करून तिसऱ्यांदा चेंडू मारावा. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

प्रश्नकर्ता: सुरुवातीला कव्हर उडत राहिले, पाठ वळवण्याची घाई थांबवल्यावर मात्र ते जागेवर राहिले. पूर्ण वेगात दोष परततो.

पहिले उत्तर: मग वेग टप्प्याटप्प्यानेच वाढवा आणि ड्रायव्हर शेवटी हाती घ्या.