मदत हवी आहे: महिन्याचं प्रॉडक्शन शेड्यूल सॉल्व्हच होत नाही

रावपुरा_बॉय: बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या प्लांटचं शेड्यूलिंग माझ्या गळ्यात पडलंय. ४० प्रॉडक्ट, १२ रिअ‍ॅक्टर, ३० दिवस. पायथनमध्ये मॉडेल लिहिलं, रात्रभर चालवलं, उत्तर नाही. सोमवारी साहेबांना दाखवायचंय. लवकर सांगा कोणीतरी.

मिश्रपूर्णांक: उत्तर नाही म्हणजे? इन्फीजिबल (सगळ्या अटी एकत्र बसतच नाहीत), की गॅप (सापडलेलं उत्तर आणि शक्य असलेलं सर्वोत्तम यातलं अंतर) खाली येत नाही? सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर, कुठलं? वेळेचे तुकडे केवढे?

रावपुरा_बॉय: सीबीसी. गॅप ३८ टक्क्यांवर अडकलाय. तुकडे १५ मिनिटांचे, अजून केवढे असणार?

मिश्रपूर्णांक: मग हिशोब कर. २,८८० तुकडे गुणिले १२ गुणिले ४०, म्हणजे १३,८२,४०० बायनरी (हो-नाही व्हेरिएबल). सीबीसीला कसे झेपणार? १९९३ मध्ये कोंडिली, पँटेलिडिस आणि सार्जंट यांनी अशा शेड्यूलिंगसाठी स्टेट-टास्क नेटवर्क हे मॉडेल मांडलं, तेव्हापासून हेच रडगाणं आहे. गूगलच्या ओआर-टूल्समधला सीपी-सॅट सॉल्व्हर घे. प्रत्येक बॅचला ऑप्शनल इंटरव्हल (घ्यायचा की नाही हे सॉल्व्हर ठरवतो असा वेळेचा पट्टा), प्रत्येक रिअ‍ॅक्टरवर नो-ओव्हरलॅप (दोन बॅच एकाच वेळी नकोत).

निवृत्त_शिफ्टवाला: डायचा, म्हणजे रंगाचा, प्लांट आहे का? आम्ही हे फळ्यावर खडूने करायचो. आधी पिवळा, मग नारिंगी, मग लाल, काळा शेवटी. उलटं केलं की अख्खी पाळी रिअ‍ॅक्टर धुण्यात.

मिश्रपूर्णांक: काका, फळ्यावर ४० प्रॉडक्ट मावायचे का?

निवृत्त_शिफ्टवाला: अठरा होते. डिलिव्हरी चुकायची नाही.

मांजलपूरकर: रोलिंग होरायझन करा. पहिला आठवडा तपशिलात, पुढचं ढोबळ, मग पुढे सरकायचं. नाहीतरी गुरुवारी पंप बंद पडला की महिन्याचा प्लॅन रद्दीत.

मिश्रपूर्णांक: करा, पण शेवटी किमान साठा किती हवा ते बांधून घ्या. नाहीतर सॉल्व्हर आठवड्याअखेर टाक्या कोरड्या करून मोकळा होतो.

सेवउसळप्रेमी: नंदेसरीत फ्रेशर घेतात का? भाचा बडोद्याच्या एमएसयू युनिव्हर्सिटीतून केमिकल इंजिनिअर झालाय.

निवृत्त_शिफ्टवाला: पोरा, ड्रायर किती? ते लिहिलंच नाहीस.

रावपुरा_बॉय: हो, डायच. ड्रायर दोन. मॉडेलमध्ये नाहीत, मला रिअ‍ॅक्टरचं शेड्यूल हवंय.

निवृत्त_शिफ्टवाला: बारा रिअ‍ॅक्टरचा ओला केक (पाणी काढून उरलेला दमट रंग) दोन ड्रायरवर? सेंट्रिफ्यूजपाशी (केकमधलं पाणी काढणारं यंत्र) ट्रॉल्या तुंबतात का?

रावपुरा_बॉय: रोजच.

निवृत्त_शिफ्टवाला: मग काम अडतंय ड्रायरपाशी. आधी ड्रायरचं शेड्यूल लाव. रिअ‍ॅक्टर त्याच्या हिशोबाने चार्ज कर. बाकी कॉम्प्युटरचं तुमचं तुम्ही बघा.

मिश्रपूर्णांक: हे मात्र मान्य. ड्रायरलाही नो-ओव्हरलॅप लाव, रंग बदलताना धुण्याचा वेळ तिथेही धर. ओला केक किती तास ठेवता येतो?

रावपुरा_बॉय: ते क्यूसीला (क्वालिटी कंट्रोल) विचारावं लागेल. शनिवारी कोण फोन उचलतंय!

सेवउसळप्रेमी: भाच्याचं कोणी बोललंच नाही.