२००३ च्या पेंटियम ४ ला साटा एसएसडी कशी जोडायची?

छापखाना_इस्लामपूर:
माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थांचे अहवाल. २००३ साली घेतलेला पेंटियम ४ अजून रोज चालतो: ८४५ चिपसेटचा बोर्ड, ५१२ एमबी रॅम, एक्सपी, पेजमेकर ६.५. मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरचं लॉक (ज्याच्याशिवाय ते उघडत नाही असा छोटा तुकडा) मागच्या प्रिंटर पोर्टला बसतं, म्हणून मशीन बदलता येत नाही. आतली ४० जीबीची आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या केबलची) डिस्क चार दिवसांपासून कटकट वाजतेय, सकाळी कधी कधी सापडतच नाही. कुणाची वापरलेली आयडीई डिस्क घ्यायला मन धजत नाही. २४० जीबीची साटा (नव्या बारीक केबलची) एसएसडी आणलीय, पण बोर्डावर साटाचं सॉकेटच नाही. साटाचं पीसीआय कार्ड टाकू की साटाचं आयडीई करणारा कन्व्हर्टर? गिऱ्हाईक येऊन सांगतं, "थोरल्याच्या लग्नात केली होती तश्शीच पत्रिका करा," आणि ती फाईल त्या डिस्कवरच आहे.

नवापीसी:
नवा पीसी घ्या, एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये (पीसीतल्या पीसीत) चालवा. लॉकसाठी यूएसबी-पॅरलल केबल मिळते.

छापखाना_इस्लामपूर:
ती केबल आणून पाहिली. प्रिंटर चालला, लॉक ओळखलं नाही.

सोल्डरगन:
ती केबल प्रिंटरपुरतीच असते. तुमचं जुनं मशीन टिकवणंच बरोबर. पण एसएसडी आधी बाजूला ठेवा. वाजायला लागलेल्या डिस्कचा भरवसा नाही. आत्ताच मशीन बंद करा, डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या पीसीला लावा आणि सगळ्यात आधी पत्रिकांची फोल्डरं उचला. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) अजिबात चालवू नका, तिच्या फेऱ्यांत उरलीसुरली डिस्कही जाते. मग पूर्ण डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) काढा. वाचताना अडली तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते चांगला भाग आधी काढून घेतं, खराब जागेकडे नंतर वळतं.

जोडणीला तुम्हाला कन्व्हर्टरच बरा. पीसीआय कार्डही चालतं, पण त्याचा ड्रायव्हर आधीच घातलेला नसेल तर क्लोन केलेली एक्सपी निळ्या पडद्यावर थांबते. कन्व्हर्टर लावला की बायोसला (मशीन सुरू होताना डिस्क शोधणाऱ्या प्रोग्रॅमला) एसएसडी साधी आयडीई डिस्कच वाटते. वेग सेकंदाला १०० एमबीच्या वर जाणार नाही, पण जुनी डिस्क तेवढाही देत नव्हती. केबल ८० तारांची घ्या. ४० तारांच्या केबलवर वेग ३३ वर येतो. कन्व्हर्टरवर जंपर (पिनांवरची छोटी टोपी) असेल तर तो मास्टरवर, म्हणजे पहिल्या डिस्कच्या जागी, ठेवा.

पार्टिशन १०० जीबीपर्यंतच ठेवा. डिस्कवरची जागा मोजायच्या जुन्या २८ बिटी पद्धतीत १३७ जीबीच्या पुढचं दिसत नाही. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ पासून ते जमतं, तरी बायोस जुना असेल तर घोळ होतो. शिवाय एक्सपी ट्रिमची आज्ञा पाठवत नाही, म्हणजे कोणती फाईल पुसली हे एसएसडीला कळत नाही. कोरी सोडलेली जागा तिच्या कामी येते.

मोलेक्स-साटा पॉवर केबल (जुन्या चार पिनी प्लगवरून एसएसडीला वीज देणारी) घेताना कनेक्टर नीट बघा. ज्यात तारा प्लास्टिकमध्ये ओतलेल्या असतात ती घेऊ नका, आत शॉर्ट होऊन जळते. मी अशा दोन जळालेल्या दुकानात ठेवल्यात, गिऱ्हाइकाला दाखवायला.

छापखाना_इस्लामपूर:
तुमचं वाचून त्याच रात्री डिस्क काढली. पत्रिका सगळ्या आल्या, २००९ च्या फोल्डरातले दोन अहवाल मात्र उघडत नाहीत. डीडीरेस्क्यू रात्रभर चाललं. कन्व्हर्टर लावल्यावर पहिल्यांदा बायोसने काहीच दाखवलं नाही आणि पोटात गोळा आला. जंपर स्लेव्हवर होता. बदलला, एक्सपी उघडली, लॉकही ओळखलं. पॉवर केबल कोल्हापुरातून मागवली, तारा वेगळ्या दिसतात तीच. आता रोज दुकान बंद करताना दिवसभराचं काम पेनड्राइव्हवर घेतो आणि तो घरी नेतो.

त्या थोरल्याची पत्रिका काल उघडली. नावं आणि तारीख बदलून धाकट्याची छापायला दिली.